आधी मिताहार, मग पदार्थांची यादी : योगविचार रोजच्या जेवणात कसा उतरवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात राहणारे आणि बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ काही वर्षांपासून सकाळी नियमाने आसने आणि प्राणायाम करतात. केवळ व्यायाम नको, योगाचा विचार जगण्यात उतरावा, या इच्छेने त्यांनी कांदा-लसूण सोडला, गुरुवार आणि एकादशीचे उपवास धरले, फ्रिजमधले अन्न बंद केले आणि रात्री नऊला घरी आल्यावर ताजे फुलकेच खायचे असे ठरवले. मूळ गाव मालवणकडचे असल्यामुळे मासे हा घरात सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. तेही त्यांनी तूर्त बंद केले आहेत. इतके करूनही चिडचिड वाढली आहे, पित्ताचा त्रास सुरू झाला आहे आणि घरात रोज जेवणावरून कुरबुर होते. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत : सात्त्विक आहार नेमका कोणता, मासे कायमचे सोडावेत का, आणि संसारी माणसाने यम-नियम, म्हणजे योगातली इतरांशी वागण्याची आणि स्वतःच्या शिस्तीची व्रते, पाळायचे तरी कसे.

तुमची तळमळ खरी आहे, म्हणूनच उत्तर स्पष्टपणे लिहिते. तुमचा क्रम उलटा झाला आहे. पदार्थांच्या यादीपासून तुम्ही सुरुवात केली. ग्रंथांनी सुरुवात केली आहे ती मापापासून, आणि त्याच्याही आधी इतरांशी असलेल्या वागण्यापासून. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या १९५ सूत्रांमध्ये आसनावर अवघी तीन सूत्रे आहेत, आणि काय खावे, काय खाऊ नये हे सांगणारे एकही सूत्र नाही. आहाराचा उल्लेख येतो तो या सूत्रांवरच्या व्यासभाष्यात, तोही नियमांमधल्या ‘शौचा’च्या विवेचनात, एका छोट्या शब्दसमूहापुरता : माती-पाण्याने केलेली शरीराची स्वच्छता आणि शुद्ध अन्नाचे सेवन हे बाह्य शौच, आणि चित्तातले मळ धुणे हे आंतर शौच. योगाच्या आठ अंगांच्या मांडणीत शौचाच्या आधी पाच यम येतात, आणि त्यांतला पहिला अहिंसा. जेवणाच्या शुद्धीसाठी घरातल्यांची मने दुखवत गेलो, तर नियमाच्या एका तुकड्यासाठी आपण पहिला यम मोडत असतो.

हठयोगाच्या ग्रंथांत आहाराचा विचार सविस्तर आहे, पण तिथेही पहिले स्थान मापालाच आहे. पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत पहिल्या उपदेशात, म्हणजे प्रकरणात, म्हटले आहे की यमांमध्ये मिताहार (मोजके खाणे), नियमांमध्ये अहिंसा आणि आसनांमध्ये सिद्धासन श्रेष्ठ. मिताहाराची व्याख्याही तिथेच दिली आहे : सुस्निग्ध आणि मधुर अन्न, पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून, शिवाच्या प्रीतीसाठी खाल्लेले. घेरंड संहिता या हठयोगाच्या दुसऱ्या ग्रंथाचे माप तपशिलात वेगळे वाटते, पण फार दूरचे नाही. अर्धे पोट अन्नाने भरावे, एक भाग पाण्याने, आणि चौथा भाग वायूच्या संचारासाठी मोकळा राखावा. मिताहाराशिवाय जो योगाचा आरंभ करील त्याला नाना रोग होतील आणि योग किंचितही साधणार नाही, असा इशाराही घेरंड संहिता देते. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ज्ञानदेवांनी हीच गोष्ट ‘आहार तरी सेविजे । परी युक्तीचेनि मापें मविजे’ अशी सांगितली आहे, आणि तिच्या लगेच आधीच्या ओवीत विषयांचे अति सेवनही नको आणि सर्वथा निरोधही नको, असे बजावले आहे. गीतेतल्या ज्या श्लोकांवर हे भाष्य आहे त्यांत फार खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, अशा दोघांनाही योग नाकारला आहे. आपल्याकडे पहिल्या निम्म्या भागाचे निरूपण पुष्कळ होते. दुसरा निम्मा भाग उपवासांच्या उत्साहात विसरला जातो.

चौथा भाग रिकामा ठेवायचा म्हणजे काय, हे आपल्या ताटावरच पाहता येते. आपल्या जेवणात बहुधा आधी थोडा वरण-भात, मग पोळी-भाजी, आणि शेवटी ताकाबरोबर किंवा आमटीबरोबर मागचा भात असतो. पोळी संपते आणि भाताचा चमचा ताटावर येतो, ती जागा नेमकी महत्त्वाची आहे. त्या क्षणी हात थांबवा आणि तीन-चार श्वास सहज घ्या. श्वास घेताना पोट मोकळेपणाने पुढे येत असेल तर थोडा भात घेण्यास हरकत नाही. श्वास छातीतच वर अडत असेल, कमरेचा पट्टा जाणवत असेल, किंवा पहिला ढेकर येऊन गेला असेल, तर जेवण पूर्ण झाले आहे. पोट ताणल्याची आणि अन्न पोहोचल्याची सूचना मेंदूपर्यंत नीट उमटायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, त्यामुळे भराभर जेवणाऱ्याला तृप्ती कळते ती तडस लागल्यावरच. ज्यांनी प्राणायाम केला आहे त्यांच्यासाठी हे माप सोपे आहे, कारण भरलेले जठर श्वासपटलाच्या हालचालीला कसे अडवते हे त्यांनी अनुभवलेले असते. वायूच्या संचारासाठी जागा ठेवा, हे घेरंडांचे वाक्य मी विद्यार्थ्यांना अगदी शब्दशः घ्यायला सांगते.

या मापाला आपल्याकडे एक गोड अडथळा आहे, तो म्हणजे आग्रह. ‘अजून एक पोळी घ्याच’, ‘माझ्या हातचे आवडले नाही वाटते’ हे प्रेमाचे बोल आहेत, त्यांना तुसडेपणाने उत्तर देऊ नये. पहिल्यांदाच थोडे कमी वाढून घ्यावे आणि आग्रहाचा मान राखायला जागा शिल्लक ठेवावी. ताटात वाढून घेऊन टाकणे मात्र कोणत्याही कारणाने योग्य नाही. तैत्तिरीय उपनिषदात ‘अन्नं न निन्द्यात्’ हे व्रत म्हणून सांगितले आहे; अन्नाला नावे ठेवू नयेत हे व्रत पाळायला कोणताही पदार्थ सोडावा लागत नाही. तुमच्या घरातल्या कुरबुरीकडे पाहता, सगळ्या उपवासांच्या ऐवजी हे एक व्रत महिनाभर धरावे, असे मी सुचवीन.

आता पदार्थांच्या यादीकडे येऊ. लसूण वर्ज्य असल्याचा आधार बहुतेक लोक हठप्रदीपिकेच्या अपथ्यांच्या श्लोकातून देतात, आणि तिथे लसणाचे नाव खरोखरच आहे. पण त्याच श्लोकात हिंग आहे, दही आहे, ताक आहे, कुळीथ आहे, तीळ आणि मोहरी आहे. म्हणजे लसूण सोडून हिंगाची फोडणी घातलेली आमटी आणि वर दहीभात जेवणारा साधक यादीतले एक नाव पाळतो आणि उरलेली सहज ओलांडतो. कोकणातले कुळथाचे पिठले तर दोन-तीन अंगांनी अपथ्य ठरेल. मी हे लसणाची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. ही यादी कोणासाठी आहे ते ध्यानात यावे म्हणून सांगते. त्याच उपदेशात थोडे आधी साधकाच्या कुटीचे वर्णन आहे : एकांतातली, लहान दाराची, शेणाने सारवलेली मठिका, आणि तिथे राहून दिवसातून अनेकदा कुंभकाचा, म्हणजे श्वास रोखून धरण्याचा, अभ्यास करणारा साधक. दीर्घ कुंभकाच्या तीव्र अभ्यासात आंबट, तिखट, दाहक पदार्थ खरोखर त्रास देतात. लोकलने ठाण्याहून मुंबईला जाऊन येणाऱ्या आणि सकाळी अर्धा तास अनुलोम-विलोम करणाऱ्या माणसाचे शरीर त्या अवस्थेतून जात नसते.

ग्रंथकारांनाही हा फरक माहीत होता. दुसऱ्या उपदेशात स्वात्माराम म्हणतात की अभ्यासाच्या आरंभी दूध-तुपाचे भोजन प्रशस्त आहे, पण अभ्यास दृढ झाल्यावर तसल्या नियमांचा आग्रह उरत नाही. योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींमध्ये त्यांनी अत्याहार, अतिश्रम, वायफळ बडबड, लोकांत फार मिसळणे आणि चंचलता यांच्याबरोबर नियमांचे टोकाचे पालनही घातले आहे, आणि हठप्रदीपिकेवरच्या ज्योत्स्ना या टीकेत ब्रह्मानंदांनी त्याची उदाहरणे दिली आहेत ती अशी : पहाटे थंड पाण्याने स्नान, केवळ रात्रीच जेवणे, केवळ फलाहारावर राहणे. पहिल्या उपदेशात गोरक्षांच्या नावाने जे वचन दिले आहे त्यात तर प्रातःस्नान आणि उपवास यांसारखे काया शिणवणारे प्रकार टाळावेत असे सरळ म्हटले आहे. ज्या ग्रंथाच्या आधाराने लोक स्वतःला कडक नियमांत बांधून घेतात, तोच ग्रंथ त्यांना सैल व्हायला सांगतो. लोणावळ्याच्या कैवल्यधामाने १९७० मध्ये या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. मूळ श्लोक क्रमाने वाचले की निवडक ओळींच्या आधारे पसरलेले पुष्कळसे गैरसमज आपोआप मावळतात.

सात्त्विक आहाराचे वर्णन गीतेच्या सतराव्या अध्यायात आहे, आणि ते नीट वाचण्याजोगे आहे, कारण तिथे एकाही धान्याचे किंवा भाजीचे नाव नाही. रसाळ, स्निग्ध, टिकाऊ, मनाला रुचणारे अशी अन्नाची लक्षणे आहेत, पण त्याच्याही आधी परिणाम सांगितले आहेत : जे आयुष्य, सत्त्व, बल, आरोग्य, सुख आणि प्रीती वाढवते ते सात्त्विक जनांना प्रिय. कांदा घातलेली भाजी की बिनकांद्याची, या प्रश्नाचे उत्तर या कसोटीवर घरोघरी वेगळे येऊ शकते. बिनकांद्याच्या भाजीने तुमचे पोट हलके राहत असेल तर ती अवश्य खावी. पण तिच्यापायी घरात रोज दोन भाज्या होत असतील, मुले वेगळी आणि बाबा वेगळे जेवत असतील, आणि तुमचे आरोग्य पित्ताने बिघडले असेल, तर आरोग्य, सुख आणि प्रीती या तीनही परिणामांवर ती नापास झाली आहे. शिळ्या अन्नाबद्दलही तेच. एक प्रहर उलटून गेलेले अन्न गीतेने तामस आहारात घातले आहे. प्रहर तीन तासांचा, आणि सकाळी सातला भरलेला तुमचा डबा दुपारी एकला उघडतो. शब्दशः धरायचे तर डबा बंद करावा लागेल आणि कँटीनमध्ये जावे लागेल, जे कोणत्याही अर्थाने अधिक सात्त्विक नाही. घरची पोळी-भाजी, स्वच्छ डब्यात, त्याच दिवशी खाल्लेली, एवढ्यावर समाधान मानावे. नासलेले, वास आलेले, दोन-तीनदा गरम केलेले अन्न टाळावे, आणि ते टाळण्यासाठी आधी शिजवतानाच मोजून शिजवावे.

इथून आपण ज्या गोष्टीकडे येतो ती मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. हिंसा वगैरे वितर्कांचे, म्हणजे यम-नियमांच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टींचे, वर्गीकरण करताना पतंजलींनी ‘कृत, कारित, अनुमोदित’ असे तीन प्रकार केले आहेत : स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, आणि दुसरा करताना मान्य केलेली. रात्री नऊ वाजता तुम्ही हातपाय धुऊन पाटावर बसता तेव्हा ओट्याशी कोण उभे असते, याचा विचार करा. तुमच्या पत्नीही दिवसभर काम करूनच तिथे उभ्या असतात. मुलांचे जेवण आठला उरकलेले असते, आणि तुमच्यासाठी पुन्हा तवा तापतो, एकेक फुलका फुगवून ताटात येतो, आणि शेवटचा फुलका होईपर्यंत तुमचे जेवण संपते. मग त्या एकट्या जेवतात, साडेनऊ-पावणेदहाला, बहुधा गार झालेले आणि तळाला उरलेले. तुमच्या ताटातला ताजा फुलका हे ‘कारित’ या शब्दाचे अगदी जवळचे उदाहरण आहे. कोणाला इजा करायची तुमची इच्छा नाही हे मला ठाऊक आहे, पण सूत्र इच्छेपाशी थांबत नाही. वर्गातल्या कितीतरी स्त्रियांकडून मी हे ऐकले आहे की घरातल्या पुरुषाने ‘सात्त्विक’ व्हायचे ठरवले की स्वयंपाकघरातले काम दीडपट होते, आणि योगाचे पुण्य मात्र त्याच्या नावावर जमा होते.

उपाय साधे आहेत. पोळ्या एकदाच कराव्यात आणि कापडात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात. त्या रात्री नऊलाही मऊ असतात. गरमच हवे असेल तर वरण-भात किंवा मुगाची खिचडी कुकरला स्वतः लावावी. आठवड्यातून निदान दोन-तीन रात्री ओटा आणि भांडी तुमच्याकडे असावीत, आणि जेवताना दोघांची पाने एकदम मांडावीत. ज्याला अन्नाबद्दल कडक नियम पाळायचे आहेत त्याने ते अन्न स्वतः शिजवावे, असा माझ्या वर्गातला दंडक आहे, आणि त्याने निम्मे नियम पहिल्याच आठवड्यात गळून पडतात. उरतात ते खरे असतात.

माशांबद्दल तुम्ही प्रामाणिकपणे विचारले आहे, म्हणून मीही आडवळण घेत नाही. योगग्रंथांचा कल उघड आहे. हठप्रदीपिकेच्या अपथ्यांत मद्य, मासे आणि मांस आहेत, आणि अहिंसेचे व्रत शेवटपर्यंत नेले तर मांसाहाराला त्यात जागा राहत नाही. पण हा प्रवास एका उडीत व्हावा अशी अपेक्षाही तिथे नाही. अहिंसा जेव्हा जात (प्राण्याची), देश, काळ आणि प्रसंग यांच्या मर्यादा ओलांडते तेव्हा ते महाव्रत होते, असे पतंजली म्हणतात, आणि या मर्यादा समजावून सांगताना व्यासांनी निवडलेले पहिलेच उदाहरण मासे मारणाऱ्या कोळ्याचे आहे : जो माशांपुरतीच हिंसा करतो, अन्यत्र नाही, त्याची अहिंसा जातीने मर्यादित. तीर्थक्षेत्री मारणार नाही, ही देशाने मर्यादित. चतुर्दशीला किंवा पुण्यदिवशी मारणार नाही, ही काळाने मर्यादित. आपल्याकडे सोमवारी, गुरुवारी, शनिवारी किंवा संबंध श्रावणात मासे-मटण वर्ज्य करण्याची जी रीत आहे, ती नेमकी हीच काळाने मर्यादित अहिंसा आहे, आणि भाष्यकारांनी तिची अपूर्णता दाखवली असली तरी तिला अहिंसाच म्हटले आहे. म्हणून माझे सांगणे असे की ज्या दिवशी तुम्हाला स्वतःला, कोणाच्या धाकाने किंवा कोणावर छाप पाडण्यासाठी नव्हे, ताटातल्या जिवाबद्दल करुणा वाटून मासा खाववणार नाही, त्या दिवशी तो सोडावा. तोपर्यंत घरची रीत पाळावी, माप कमी करावे, आणि आई-वडिलांच्या ताटातल्या बांगड्याकडे पाहून तोंड वाकडे करू नये. मासे सोडलेच तर ब जीवनसत्त्व १२ ची रक्ततपासणी अधूनमधून करून घ्यावी, कारण ते जीवनसत्त्व प्राणिज पदार्थांतूनच मिळते आणि दूध-दही कमी घेणाऱ्या शाकाहारी माणसांत त्याची कमतरता वारंवार आढळते. ती असेल तर थकवा, मुंग्या आणि चिडचिडही जाणवू शकते.

उपवासांकडे तप म्हणून पाहता, हे बरोबरच आहे. व्यासांनी तपाची व्याख्या द्वंद्व सहन करणे अशी केली आहे आणि त्यात भूक-तहान हे पहिले द्वंद्व आहे. पण साधनपाद या योगसूत्रांच्या दुसऱ्या भागाच्या पहिल्याच सूत्रावरच्या भाष्यात त्यांनी तपाला एक कुंपण घातले आहे : चित्ताच्या प्रसन्नतेला बाधा येणार नाही इतकेच तप आचरावे. तुमच्यासाठी हे वाक्य फार मोलाचे आहे. गुरुवारी दुपारी चारनंतर तुम्ही बँकेत खातेदारांवर खेकसत असाल आणि घरी मुलांवर, तर तो उपवास या व्याख्येनुसार तप उरलेला नाही. शिवाय उपवासाला आपण काय खातो तेही पाहिले पाहिजे. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा, बटाटा, रताळे, शेंगदाणे आणि मिरची, म्हणजे उपवासाचे जवळजवळ सगळे ताट, मूळ अमेरिका खंडातल्या वनस्पतींचे आहे. युरोपीय दर्यावर्दींबरोबर ते इकडे आले, त्यामुळे प्राचीन ग्रंथांत त्यांना उपवासाचे म्हणण्याचा प्रश्नच येत नाही. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. सकाळभर रिकामे पोट, त्यावर चार कप चहा, आणि मग तुपातली साबुदाण्याची खिचडी भरपेट, हा क्रम पित्त वाढवणारच. तुम्हाला उपवास करायचाच असेल तर तो एक वेळचा करावा : सकाळी दूध आणि फळ, दुपारी वरीचा भात आणि काकडीची कोशिंबीर किंवा नुसते साधे जेवण अर्ध्या मापाने, रात्री हलके. चहा कमी करावा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि जठराचा व्रण असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करूच नये. तुमचे पित्त दोन-तीन आठवड्यांत निवळले नाही तर तुम्हीही दाखवून घ्यावे. प्राणायामाने ते बरे होईल म्हणून थांबू नये.

उरलेल्या यम-नियमांबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण आहाराशी त्यांचा संबंध सगळीकडे सारखा नाही. संतोषाची व्यासांनी दिलेली व्याख्या स्वयंपाकघराला चपखल लागू पडते : हाताशी जे साधन आहे त्याहून अधिक मिळवण्याची इच्छा नसणे. बाजारात आज स्वस्त आणि ताजी असलेली मेथी, चवळी, लाल माठ, दुधी यांत संतोष मानणाऱ्याला परदेशी धान्ये, महागडी बियाणी आणि डब्यांतली चूर्णे लागत नाहीत. ज्वारी-बाजरीची भाकरी, मुगाचे वरण, पालेभाजी, थोडे तूप आणि ताक हे तुमच्या-माझ्या मुलखाचे जेवण योगाभ्यासासाठी पुरेसे आहे. अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे न साठवणे, फ्रिज उघडल्यावर दिसतो. मागच्या खणात विसरलेल्या वाट्या किती, ते पाहावे. अस्तेयाचा, म्हणजे चोरी न करण्याचा, अर्थ दुसऱ्याचा वेळ आणि श्रम न लुबाडणे इथपर्यंत नेता येतो, आणि त्याबद्दल फुलक्यांच्या निमित्ताने लिहून झाले आहे. सत्य मात्र तुम्हाला घरी लगेच लागेल : भूक आहे की नाही, काय आवडते, काय पचत नाही, हे रागाने नव्हे, सरळ शब्दांत सांगायला शिकावे. ब्रह्मचर्य आणि ईश्वरप्रणिधान यांचा विचार स्वतंत्रपणे करावा. त्यांना ओढूनताणून ताटापर्यंत आणू नये.

प्रत्याहाराची, म्हणजे इंद्रियांना विषयांपासून आत वळवण्याची, सुरुवात कोठून करावी असे अनेक जण विचारतात, आणि त्याला जेवणाइतकी चांगली जागा नाही. आपल्या जुन्या पद्धतीत पानाभोवती पाणी फिरवून, चित्राहुती घालून, पहिले पाच घास प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान यांना अर्पण करून मौनाने घेत असत. लहान मुलांना शिकवलेल्या श्लोकात ‘उदरभरण नोहे, जाणिजे यज्ञकर्म’ असे येते ते याच भावनेने. सगळा विधी करा असे मी म्हणत नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, आणि पहिले पाच घास न बोलता, प्रत्येक घास पूर्ण चावून, चव संपेपर्यंत घ्यावेत. सहाव्या घासापासून मोकळेपणाने बोलावे. हे पाच घास नीट झाले की बाकीच्या जेवणाची गती आपोआप उतरते, असा अनुभव बहुतेकांना येतो, आणि मागच्या भातापाशी थांबणेही मग जड जात नाही.

संध्याकाळी पाचच्या चहाबरोबर येणारे फरसाण ही तुमच्यासारख्या नोकरदारांची वेगळी अडचण आहे. सुखाच्या स्मृतीमागे जाणारी वृत्ती म्हणजे राग (आसक्ती या अर्थाने), असे पतंजली सांगतात. चिवड्याची पुडी फुटल्याच्या आवाजाने तोंडाला पाणी सुटते, ते भुकेने नव्हे. इथे त्यांचीच प्रतिपक्षभावना, म्हणजे विरुद्ध बाजूचा विचार मनात आणणे, वापरावी, पण स्वतःला धमकावून नको. ‘हे खाल्ले की सातला जळजळ सुरू होते आणि रात्रीची भूक मरते’ एवढे एकदा स्पष्ट आठवावे आणि डब्यात आधीच ठेवलेले फुटाणे, एखादे केळे किंवा शिंगाड्याचा लाडू काढावा. रिकाम्या हाताने प्रतिपक्षभावना टिकत नाही. पाचला असे काही पोटात गेले की रात्री नऊला अर्धपोटी जेवणही पुरते, आणि सूर्यास्तापूर्वीच जेवले पाहिजे असा अट्टाहास धरण्याची गरज उरत नाही. नऊला जेवून साडेअकराला झोपणाऱ्याने दुपारचे जेवण मुख्य मानावे, रात्री भाकरी किंवा दोन पोळ्या, भाजी आणि वरण एवढेच घ्यावे, जेवणानंतर पाचेक मिनिटे वज्रासनात बसावे किंवा घरातच शतपावली करावी, आणि आडवे होण्यापूर्वी दोन तास मधे जाऊ द्यावेत. सकाळच्या आसनांना रिकामे पोट लागते, ते या क्रमात आपोआप मिळते.

हे सगळे एकदम सुरू करू नका. अभ्यास दीर्घ काळ, खंड न पडता आणि आदराने केला तर दृढ होतो, असे सूत्र आहे, आणि त्यातला खंड न पडता हा भाग एका वेळी एकच बदल केला तरच साधतो. या महिन्यात उपवास थांबवा, पाच मौनाचे घास आणि मागच्या भातापाशी थांबणे एवढे दोनच धरा, आणि रात्रीच्या पोळ्या संध्याकाळीच करून ठेवायला घरी सांगा, किंवा त्याहून बरे म्हणजे कणीक तुम्हीच मळा. लसणाचा निर्णय पुढच्या महिन्यावर टाकला तरी काही बिघडत नाही. पित्ताचा त्रास कधी होतो, काय खाल्ल्यावर होतो आणि त्या दिवशी झोप किती झाली होती, हे एका वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांकडे जावे लागले तर ती वही बरोबर न्यावी, आणि जावे लागले नाही तर पुढच्या महिन्यात कोणता बदल करायचा हे तिच्यावरूनच ठरवावे.